२७ फुटी जुनी शिडाची बोट, न उघडणाऱ्या खिडक्या बदलायच्यात: ॲक्रिलिक की पॉलीकार्बोनेट, स्क्रू मारायचे की नुसतं चिकटवायचं?

नवखलाशी

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणारे पण सगळं एकदाच सांगतो म्हणजे तुम्हाला खोदून खोदून विचारायला लागू नये. सत्तरच्या दशकातली २७ फुटी फायबरग्लासची शिडाची बोट आहे. केबिनच्या दोन्ही बाजूंना दोन दोन खिडक्या, एकही उघडत नाही, पुढची छोटी आणि मागची लांबडी, साधारण ७० सेंमी बाय २५. फ्रेम वगैरे भानगड नाही, गडद रंगाचं प्लास्टिक बाहेरून सरळ केबिनच्या भिंतीवर ठेवून कडेने स्क्रू मारलेत आणि खाली कसलातरी सीलंट आहे ज्याचा आता भुगा व्हायला लागलाय.

प्लास्टिकमध्ये इतक्या बारीक बारीक रेषा आल्यात की सूर्य समोर आला की बाहेरचं काही दिसत नाही, नुसतं चमचम करतं. स्क्रूच्या बऱ्याच भोकांपासून तडे निघालेत. पाऊस आला किंवा बोट कलून ती बाजू पाण्याला लागली की आत गळतं, बंकवरची गादी ओली होते आणि खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत आतलं लाकडी पॅनेल काळं पडलंय. आधीच्या मालकाने बाहेरून सिलिकॉन फासलंय, गळलं की अजून एक थर, परत गळलं की अजून एक, असं किती वर्षं चाललं होतं देव जाणे.

तर आता चारही खिडक्या नवीन करायच्यात. प्लास्टिक कोणतं आणि किती जाडीचं घ्यायचं? स्क्रू परत मारायचे का हल्ली नुसतं चिकटवतात तसं करायचं? सीलंट कोणता? आणि हे सिलिकॉनचं जे काय लिंपण आहे ते काढायचं कसं? अजून एक, केबिनची भिंत अगदी सपाट नाहीये, मागच्या लांब खिडकीला थोडा बाक आहे. बोट किनाऱ्या-किनाऱ्याने चालवतो, महासागर ओलांडायचा विचार सध्या तरी नाही.

तांडेल

भाऊ, नवीन शीट आत्ताच मागवू नकोस. आधी जुनी काढ, मग खालचं काय निघतं ते बघ, कारण तू सांगतोस तशा बोटीत निम्मं काम खिडकीचं नसतंच, खिडकीच्या भोवतालच्या भिंतीचं असतं.

काढायचं असं. स्क्रू निघतील ते काढ, गंजून अडकले असतील त्यांची डोकी ड्रिलने उडव. मग सीलंटच्या फटीत पियानोची तार किंवा माशाची जाड नायलॉन दोरी घालून दोन्ही टोकांना लाकडी मुठी बांधून करवतीसारखी मागेपुढे ओढ, वेळ लागतो पण जेलकोट (फायबरवरचा बाहेरचा गुळगुळीत थर) वाचतो. मल्टीटूल असेल तर पातळ पातं लाव पण भिंतीत घुसणार नाही बघ. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचं नाही, जेलकोटचे टवके निघतात आणि मग ते भरत बसायचं. लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या पाचरी वापर. प्लास्टिक तुटलं तरी चालेल, पण निदान एक तुकडा आकारासाठी शाबूत राहू दे.

खिडकी निघाली की कापलेल्या भोकाची कड नीट बघ. बाहेर फायबर, आत फायबर आणि मधे काही आहे का? त्या काळातल्या बऱ्याच बोटींत मधे बाल्सा लाकूड किंवा प्लायवूड असतं आणि कारखान्यात खिडकीचं भोक पाडल्यावर ती कड तशीच उघडी सोडलेली असते, वर सीलंट फासला की झालं. सीलंट गेला की पाणी आधी त्या मधल्या लाकडात जातं आणि मग तुझ्या गादीवर, म्हणजे गादी ओली व्हायच्या कितीतरी आधीपासून भिंत पाणी पीत असते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने भोवताली ठोकून बघ, घट्ट टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत मऊ झालंय.

मऊ असेल तर वाकवलेला खिळा ड्रिलला लावून किंवा आकड्याने कडेपासून २-३ सेंमी आतपर्यंत कुजलेलं सगळं उकरून काढ, पूर्ण वाळू दे, घाई करायची नाही इथे, मग आधी पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळले की कडक होणारं राळ) पाजून त्यावर सिलिकाची पूड घालून घट्ट केलेलं इपॉक्सी भर. जुनी स्क्रूची भोकंही त्याच वेळी भरून टाक. कड अशी बंद झाली की पुढे कधी सीलंटने दगा दिला तरी पाणी फक्त आत ठिबकेल, भिंत कुजणार नाही. लोक चार दिवस सीलंटच्या ब्रँडवर भांडतात आणि हे काम करत नाहीत.

नांगरगडी

तांडेलकाकांशी सहमत, फक्त पुढचं थोडं गणित टाकतो कारण त्याशिवाय स्क्रू की चिकटवणं हे नुसतं आवडीनिवडीवर जातं.

ॲक्रिलिक उन्हात बरंच वाढतं, मीटरला दर डिग्रीमागे साधारण ०.०७ मिमी. फायबरग्लासचं कापडाच्या मांडणीवर आहे पण ०.०२५ च्या आसपास धरू. गडद खिडकी, पहाटेचा गारवा ते भर दुपार, ४० डिग्रीचा फरक सहज पडतो. तुझ्या ७० सेंमीच्या खिडकीत प्लास्टिक जवळजवळ २ मिमी लांब होतं आणि खालची भिंत ०.७ मिमी. फरक सव्वा मिमी, मधून धरलं तर प्रत्येक टोकाला ०.६ च्या जरा वर. रोज. वर्षानुवर्षं.

आता स्क्रूने करकचून आवळलेली खिडकी घे. स्क्रू प्लास्टिकला हलू देत नाही, मग ते भोकाच्या कडेवर जोर काढतं, तिथून तडा जातो, जो तुझ्याकडे आलेलाच आहे. आणि आवळताना सीलंट सगळा पिळून बाहेर आलेला असतो, आत अर्धा मिमीचा पापुद्रा उरतो. ०.६ मिमीची हालचाल अर्धा मिमी जाडीच्या सीलंटने झेलायची म्हणजे त्याने स्वतःच्या जाडीपेक्षा जास्त सरकायचं, कोणताही सीलंट घे, तो एका बाजूने सुटणारच. तोच थर २.३ मिमी जाड ठेवला तर सरकणं जाडीच्या २७ टक्क्यांवर येतं आणि चांगला स्ट्रक्चरल (भार धरून ठेवणारा) सिलिकॉन ते हसत झेलतो. दोन हाडांमधल्या गादीसारखं आहे हे, गादी झिजली की सांधा दुखणारच.

त्यामुळे माझ्या लेखी प्रश्न स्क्रू की गोंद असा नाहीच, सीलंटचा थर जाड राहतोय का एवढाच आहे. तो जाड राखता आला तर दोन्ही पद्धती चालतात.

उधाण

नांगरगडी, गणित आवडलं, पण प्लास्टिक कोणतं ते सांगितलंच नाहीस. माझं मत पॉलीकार्बोनेट. हातोडा मारला तरी फुटत नाही, एखादी लाट आडवी येऊन आदळली किंवा विंचचं (दोर आवळायच्या चरकाचं) जड हँडल हातातून सुटून पडलं तर ॲक्रिलिकचे तुकडे होऊ शकतात. खिडकी फुटली तर केबिनमध्ये किती पाणी येईल याचा विचार करा जरा. लोक चकचकीत दिसण्यासाठी ॲक्रिलिक घेतात असं मला वाटतं.

नांगरगडी

उधाण ताई, फुटण्याबाबत तुझं शंभर टक्के बरोबर. पण दोन गोष्टी विरुद्ध बाजूला आहेत.

पहिली, पॉलीकार्बोनेट चिवट आहे पण लवचिकही आहे. कडकपणा बघितला तर ॲक्रिलिक ३ गिगापास्कलच्या थोडं वर आणि पॉलीकार्बोनेट २.३ च्या आसपास. त्याच जाडीची शीट पाण्याच्या दाबाखाली जास्त वाकते आणि वाकली की कडेचा सीलंट सोलला जातो, चिकटवलेल्या जोडाला सोलणं सगळ्यात वाईट. खिडकी अखंडच्या अखंड आत आली तर ती न फुटल्याचं कौतुक कुणाला? म्हणून पॉलीकार्बोनेट लावायचं तर एक पायरी जाड घ्यावं लागतं आणि बोल्ट हवेत असं मला वाटतं.

दुसरी, ऊन. साधं पॉलीकार्बोनेट काही वर्षांत पिवळट आणि धुरकट होतं, आणि ओरखडे तर नुसत्या मीठ साचलेल्या फडक्यानेही पडतात. कडक कोटिंगवालं मिळतं, ते बरं, पण कापलेल्या कडांना आणि भोकांना कोटिंग नसतं. ॲक्रिलिक उन्हात कितीतरी जास्त टिकतं आणि ओरखडे पॉलिश करून घालवता येतात.

मात्र ॲक्रिलिक घेताना कास्ट (साच्यात ओतून केलेलं) घ्यायचं, एक्सट्रुडेड (यंत्रातून दाबून काढलेलं) नाही. एक्सट्रुडेड स्वस्त असतं पण बनवतानाच त्यात ताण राहतो आणि मग सॉल्व्हंटचा वास लागला तरी बारीक रेषा उमटतात. नवखलाशीच्या खिडक्यांत जे चमचमतंय ते तेच, ऊन, ताण आणि कुणीतरी चुकीच्या द्रवाने पुसणं या सगळ्यांचं मिळून झालेलं.

जाडीचं म्हणशील तर एवढ्या बोटीला पुढच्या छोट्या खिडकीला ६ मिमी चालतं, मागच्या लांबड्याला ८, आणि उघड्या समुद्रात जायचं असेल तर १०. खिडक्यांच्या मजबुतीसाठी आयएसओ १२२१६ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात खिडकीचा आकार, ती बोटीवर कुठे आहे आणि बोट कोणत्या पाण्यात जाणार यावरून जाडी काढतात. ८ मिमीची तुझी मोठी खिडकी पावणेदोन किलोच्या आत बसते, म्हणजे वजनाची चिंता नको.

उधाण

सोलण्याचा मुद्दा मान्य, तो माझ्या डोक्यात नव्हता. मग माझी सूचना बदलते: खिडकी कास्ट ॲक्रिलिकची, आणि लांब पल्ल्याला निघायचं तेव्हा बाहेरून बोल्टने बसणारी पॉलीकार्बोनेटची किंवा प्लायवूडची वादळी झापं. ऑफशोअर रेसच्या नियमांतसुद्धा साधारण दोन चौरस फुटांपेक्षा मोठ्या खिडक्यांना अशी झाकणं लागतात. नवखलाशीच्या खिडक्या त्याहून कमी भरतात आणि तो किनाऱ्याने चालवतो म्हणून त्याला सक्ती नाही, पण भिंत उघडी आहेच तर झापांसाठी बोल्टची जागा आत्ताच इपॉक्सीने भरीव करून ठेवायला काय जातंय, नंतर आतलं पॅनेल परत काढायला लागणार नाही.

पाणसाप

सिलिकॉनबद्दल कुणी बोललं नाही म्हणून मी. हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम, कारण जुन्या सिलिकॉनचा न दिसणारा थर राहिला तर त्यावर दुसरं काही चिकटत नाही, पॉलीयुरेथेन नाही, रंग नाही, इपॉक्सी नाही.

आधी पात्याने खरवडून जेवढं निघेल तेवढं काढ. मग सिलिकॉन रिमूव्हर लाव, थांब, पूस, परत लाव. आणि इथे बरेच जण गडबड करतात, सगळं निघायच्या आधीच सँडपेपर घेतात, त्याने उरलेलं सिलिकॉन जेलकोटच्या छिद्रांत अजून आत रगडलं जातं. आधी पूर्ण साफ, मगच घासायचं, ८० किंवा १२० नंबरने हलकं. तपासायचं कसं, तर वरून पाणी मार, पाणी एकसारखं पसरलं तर स्वच्छ, थेंब थेंब होऊन घरंगळलं तर सिलिकॉन अजून तिथेच आहे. प्रत्येक फडकं एकदाच वापर, तेच फडकं फिरवलं तर सिलिकॉन नुसतं इकडचं तिकडे जातं.

ॲसिटोन फायबरग्लासवर चालतं पण ते नवीन प्लास्टिकच्या जवळसुद्धा आणू नको. ॲक्रिलिक आणि पॉलीकार्बोनेट दोन्हीला ॲसिटोन, थिनर आणि घरातल्या काचा पुसायचं अमोनियावालं निळं पाणी चालत नाही. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही फडक्यावर घेऊन लगेच कोरडं करायचं, नाहीतर साबणाचं पाणी. आणि पुढे बोटीवर कुणीही पाहुणा आला आणि "काच पुसून देतो" म्हणाला तर आधी हातातली बाटली बघ.

नवखलाशी

अरे बापरे, एवढं सगळं. धन्यवाद मंडळी. मग कास्ट ॲक्रिलिक नक्की. स्क्रूची भोकं दिसतात ती मला मुळात आवडत नाहीत, त्यामुळे चिकटवून जमणार असेल तर तेच करेन. पण बाकाचं काय? आणि सीलंट नक्की कोणता, प्रत्येकजण वेगळं नाव सांगतो. एका दुकानदाराने तर ५२०० लाव, आयुष्यभर हलणार नाही असं सांगितलं.

तांडेल

आयुष्यभर हलणार नाही हाच तर प्रॉब्लेम! थ्रीएम ५२०० पॉलीयुरेथेन आहे, किलच्या (बोटीखालचा जड पंख) आणि डेकच्या जोडाला उत्तम, प्लास्टिकच्या खिडकीला नाही. पॉलीसल्फाइड तर अजिबात नाही, लाकडी डेकच्या फटींत ते राजा आहे पण त्यातली द्रव्यं ॲक्रिलिक आणि पॉलीकार्बोनेटला खातात. ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) मला स्वतःला फार आवडते, कधी कडक होत नाही, काढायला सोपी, पण ती धरून ठेवत नाही, नुसतं पाणी अडवते, म्हणून ती बोल्टवाल्या नाहीतर फ्रेमवाल्या खिडकीला. तुला स्क्रू नकोत म्हणजे ती बाद.

उरले दोन. सिकाफ्लेक्स २९५ यूव्ही, हे पॉलीयुरेथेन खास प्लास्टिकच्या खिडक्यांसाठीच आहे, पण त्याला कंपनी सांगते तो प्रायमर लागतो आणि पारदर्शक प्लास्टिकमधून ऊन आरपार जाऊन जोडावर पडू नये म्हणून कड झाकावी लागते. दुसरा डाऊसिल ७९५, पूर्वी डाऊ कॉर्निंग नावाने यायचा, उंच इमारतींच्या काचेच्या भिंतींना वापरतात तो स्ट्रक्चरल सिलिकॉन. ऊन त्याचं काही बिघडवत नाही आणि जोडाच्या रुंदीच्या ५० टक्के इकडे तिकडे हालचाल झेलतो. मी ७९५ म्हणतो. बाथरूमचा सिलिकॉन आणि हा यात जमीनअस्मानाचा फरक आहे, ट्यूबवर नाव बघून घे.

नांगरगडी

७९५ ला माझाही पाठिंबा, आणि त्याच्यासोबत व्हीएचबी टेप. थ्रीएमची ४९९१ ही २.३ मिमी जाडीची फोमसारखी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आहे आणि वर मी २.३ हा आकडा उगाच घेतला नव्हता, टेपमुळे सीलंटचा थर आपोआप तेवढा जाड राहतो, कितीही दाबलं तरी पिळून निघत नाही. टेप भोकाच्या आतल्या कडेला सगळीकडून अखंड लावायची, तिच्या बाहेरची निम्मी जागा सीलंटला मोकळी. त्यासाठी प्लास्टिक भिंतीवर सगळीकडून निदान २५ ते ३० मिमी बसलं पाहिजे, तुझं आत्ता किती बसतंय ते मोज. कमी असेल तर नवीन खिडकी बाहेरच्या बाजूने थोडी मोठी काप, जुनी स्क्रूची भोकंही त्यात झाकली जातात.

बाकाचं. लाकडाची सरळ पट्टी भिंतीवर खिडकीच्या लांबीत ठेव, मधे टेकली आणि टोकांना फट राहिली तर ती फट मोज. समजा ७० सेंमीत १२ मिमी बाक निघाला, तर त्याची त्रिज्या ५ मीटरच्या जरा वर येते. ॲक्रिलिक थंड वाकवायचं तर सावध हिशेब जाडीच्या ३३० पटीचा, ८ मिमीला २.६ मीटर, म्हणजे शीट स्वतः हे आरामात सहन करते. पॉलीकार्बोनेट तर १०० पटीपर्यंत जातं. खरी गोम वेगळीच आहे, वाकवलेली शीट कायम सरळ व्हायला बघते आणि दोन्ही टोकांना टेपला चोवीस तास सोलत राहते. हळू हळू लागणारा असा ताण व्हीएचबीला मानवत नाही. म्हणून १२ मिमीसारखा बाक असेल तर सरळ शीट चिकटवायची नाही, भट्टीत १६० डिग्रीच्या आसपास तापवून साच्यावर त्याच बाकाची करून घ्यायची, ॲक्रिलिकची कामं करणारे हे करतात. ३-४ मिमी असेल तर थंड वाकवून लावायला हरकत नाही, पण सीलंट पूर्ण मुरेपर्यंत टोकांना बाहेरून आधार ठेव.

पाणसाप

टेपवाल्या पद्धतीत एक गोष्ट आधी डोक्यात पक्की कर, टेप टेकली की टेकली, परत सरकवता येत नाही. म्हणून आधी कोरडी खिडकी जागेवर धरून मास्किंग टेपने कड आखून घे, खालच्या कडेला लाकडाचे दोन ठोकळे गरम गोंदाने तात्पुरते चिकटव म्हणजे खिडकी त्यावर टेकवून वर फिरवत आणता येते. दोघं जण पाहिजेत, एक बाहेर आणि एक आतून बघायला.

आकार काढताना जुन्या खिडकीवर विसंबू नकोस. डावी-उजवी एकमेकांचं प्रतिबिंब असतील असं वाटतं पण जुन्या बोटींचे साचे आणि भोकं हाताने कापलेली असतात, चारही खिडक्यांसाठी जाड पुठ्ठ्याचा वेगळा नमुना काढ आणि त्यावर बाहेरची बाजू, वर, पुढे असं सगळं लिहून ठेव.

प्लास्टिकवरचा संरक्षक कागद फक्त कडेची चिकटवायची पट्टी कापून तेवढाच काढ, बाकीचा शेवटपर्यंत राहू दे, पण काम संपल्यावर आठवडेच्या आठवडे उन्हात ठेवू नको, तो भाजून घट्ट बसतो आणि मग नखाने खरवडत बसायचं. कड हलकी घासून घे. काही जण आतून कडेला काळा रंग मारतात सीलंट दिसू नये म्हणून, मला ते पटत नाही, मग सीलंट प्लास्टिकला नाही तर रंगाला चिकटतो आणि जोड रंगाइतकाच मजबूत राहतो. काळा ७९५ घे, तोच काळी किनार दिसतो.

तांडेल

आणि टेप लावल्यावर तिच्यावर तुटून नाही पडायचं, रोलरने नाहीतर हाताच्या टाचेने सगळीकडून एकसारखं दाबायचं. टेपला पूर्ण जोर यायला ३ दिवस, सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने मुरतो त्याला आठवडा ते दोन आठवडे. तोवर बोट पाण्यात हाणायची नाही. सीलंट भरताना नोझल फटीत खोल घालून एका दमात पुढे ढकलत जा, मागे ओढत नाही, हवेचे बुडबुडे राहिले की तिथूनच पुढे गळतं. बोटाने सारखा करताना एकदाच फिरव, परत परत चोळलं की ओबडधोबड होतं. मास्किंग टेप सीलंट ओला असतानाच काढ.

ज्यांना बोल्टच पाहिजेत त्यांच्यासाठीही लिहून ठेवतो, वाचणारे बरेच असतील. भोक बोल्टपेक्षा दीड-दोन मिमी मोठं पाड, प्लास्टिकसाठीचं ड्रिल बिट वापर नाहीतर साध्या बिटची धार थोडी मारून घे म्हणजे ते चावा घेत नाही, मागे लाकडाची फळी धर. काउंटरसिंक डोक्याचे स्क्रू कधीही नाही, ते पाचरीसारखे घुसून प्लास्टिक चिरतात. सपाट डोकं, खाली वॉशर आणि हाताला लागेल इतकंच आवळायचं.

नवखलाशी

मोजलं. मागच्या खिडकीला बाक फक्त ४ मिमी आहे, सुटलो. प्लास्टिक भिंतीवर २२ मिमी बसतं म्हणजे थोडी मोठी कापावी लागणार. कडेला ठोकून पाहिलं, उजव्या मागच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात बद्द आवाज येतोय, बाकी सगळीकडे टणक.

पण एक गोंधळ झालाय. काढायच्या आधी म्हटलं बघूया नक्की कुठून गळतं, तर पुढच्या डाव्या खिडकीवर बाहेरून प्लास्टिकचा कागद सगळीकडून चिकटवून बंद केली आणि तरीही पाइपने पाणी मारल्यावर आत त्याच कोपऱ्यात ओल आली. हे कसं?

उधाण

अरे मग ती खिडकी गळतच नसेल! केबिनच्या छपरावर खिडकीच्या वर काय काय आहे? हँडरेल, लाइफलाइनचा खांब, चेनप्लेट (डोलकाठीच्या ताणतारा बांधायची पट्टी), एखादा ब्लॉक (दोराची कप्पी)? पाणी वरच्या एखाद्या बोल्टमधून शिरतं, आतल्या पॅनेलच्या मागून उतरतं आणि खिडकीच्या भोकाची कड आडवी आली की तिथे बाहेर पडतं, सगळेजण खिडकीलाच शिव्या देतात. पाइप नेहमी खालून वर न्यायचा, आधी खिडकीच्या खाली, मग खिडकी, मग छप्पर, प्रत्येक ठिकाणी थांबून आत बघायचं. वरून सुरुवात केली तर काहीच कळत नाही.

पाणी नको असेल तर दुसरी युक्ती, केबिनची सगळी झडपं आणि व्हेंट टेपने बंद करून दारातून पालापाचोळा उडवायचा ब्लोअर आत लाव, बाहेरून फटींवर साबणाचं पाणी फवार, गळकी जागा स्वतःच फेस काढून दाखवते.

नवखलाशी

उधाण ताई, एकदम बरोबर! ब्लोअर लावला. हँडरेलच्या मधल्या दोन बोल्टांपाशी फेसच फेस, खिडकीला एक बुडबुडा नाही. मागच्या दोन्ही खिडक्या मात्र गळतात, त्यांना कडेने फेस आला. चमचम असल्यामुळे पुढच्या बदलायच्या तर आहेतच. पण हँडरेलचं काय करू, त्यालाही ७९५ का?

तांडेल

नाही, तिथे ब्युटाइल. हँडरेल पूर्ण काढ, एकदोन बोल्ट सोडून बाकी तसेच ठेवायचे असं नको. डेकमधली भोकं मोठी पाडून इपॉक्सीने भर, वाळल्यावर मधोमध परत बोल्टच्या मापाचं भोक पाड, म्हणजे डेकमधलं लाकूड बंद झालं. मग डेकच्या वरच्या बाजूने भोकाचं तोंड काउंटरसिंकने जरासं उतरतं कर. बोल्टच्या मानेभोवती ब्युटाइलची सुरळी गुंडाळ, ती त्या उतरत्या तोंडात बसून रबरी रिंगसारखी पाणी अडवते. आवळताना वरून बोल्ट फिरवायचा नाही, डोकं धरून ठेवायचं आणि आतून नट फिरवायचं, नाहीतर ब्युटाइल पिळवटतं. थोडं आवळ, दुसऱ्या दिवशी थोडं, कडेने बाहेर येईल ते प्लास्टिकच्या पात्याने कापत जा, बाहेर येणं थांबलं की झालं. आणि हे खिडक्यांच्या आधी कर, आतलं पॅनेल उघडं आहे तोवर.

नवखलाशी

ओके काका, आधी हँडरेल. उजव्या कोपऱ्यातलं लाकूड उकरून उघडं ठेवलंय, तो कोपरा पूर्ण वाळल्याशिवाय इपॉक्सीला हात लावत नाही. ॲक्रिलिकवाल्याकडे चार पुठ्ठे दिलेत, कास्ट आहे ना हे तीनदा विचारलं तर तो जरा वैतागला.